चांगला पत्रा लागेपर्यंत

कोकणात मोटारगाडीला दोन वयं असतात. एक आरसी बुकात लिहिलेलं आणि दुसरं पत्र्याचं. पहिलं वर्षाला एकाने वाढतं. दुसरं एका पावसाळ्यात तीन-चारची उडी घेतं आणि त्याची नोंद कुठेही होत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाऊस थांबला की समुद्रावरचा वारा सुटतो, आणि तो रिकाम्या हाताने येत नाही, मीठ घेऊन येतो. त्यामुळे आमच्याकडच्या गाड्या इंजिन ठणठणीत, गिअर सुरळीत, हॉर्न खणखणीत आणि पायाखाली जमीन नाही, अशा अवस्थेत निवृत्त होतात. जुनी गाडी विकणारा ॲव्हरेज आणि टायर यांच्याविषयी नंतर बोलतो. आधी आवाज जरा खाली आणून सांगतो, "घाटावरची गाडी आहे." सोलापूरकडच्या सहा-सातशे मिलिमीटर पावसात वाढलेला पत्रा ही काय चीज असते, ते कळायला कोकणातच जन्मावं लागतं.

माझी गाडी घाटाखालची. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, समुद्राचा आहे, आणि समुद्राला नोटीस लागू होत नाही. रंग पांढरा, दारं चार, आणि डावीकडच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला एक फोड.

या फोडाचं शास्त्र समजून घेण्याजोगं आहे. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती तो वरचा रंग उचलून करून घेतो. दाराचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. त्यावरचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंत, ०.१ मिलिमीटरच्या आसपास. गंज येतो तो बहुधा आतून, कारण काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि त्या पोकळीला पॉलिश करायला कोणी जात नाही. आतून खात खात तो बाहेरच्या अंगाला पोचतो तेव्हा पत्रा संपलेला असतो. रंग मात्र शाबूत असतो. लोक म्हणतात दाराला फोड आला. वस्तुस्थिती अशी असते की त्या जागी आता एकटा रंगच दाराची ड्यूटी करतो आहे.

म्हणून फोड दाबू नये. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि येणारा प्रत्येक जण दाबतो. आमच्या मेहुण्यांनी "बघू, बघू" म्हणत अंगठा लावला आणि तो नखासकट आत गेला. त्यांनी तो शांतपणे बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि म्हणाले, "हे आधीचंच आहे हो." अक्षरशः खरं होतं, त्यामुळे भांडताही येईना.

"एवढंसं तर आहे," ही म्हणाली. "एखादा स्टिकर लावून टाका."

हा उपाय आमच्या जिल्ह्यात चांगलाच रुळलेला आहे. गणपतीपुळ्याचा गणपती मागच्या काचेवर असला तर ती भक्ती समजावी. दाराच्या खालच्या कोपऱ्यात असला तर मागे भोक. आमच्या पलीकडच्या आळीत एक व्हॅन आहे, तिच्यावर चारही बाजूंनी देवस्थानं आहेत. तिच्या मालकाला लोक फार धार्मिक समजतात.

गाडीला भोक पडल्याची बातमी पसरली की माणसं सांत्वनाला येत नाहीत, उपाय घेऊन येतात. पहिले आले वरच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते एम-सील पंथाचे. त्यांच्या घरातला नळ, गच्चीवरची टाकी, चष्म्याची दांडी आणि एका मर्यादेपर्यंत त्यांचा संसारही एम-सीलवर उभा आहे. दोन वड्या एकजीव होईपर्यंत मळायच्या, भोकात दाबायच्या, पाण्याचं बोट फिरवायचं, झालं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते केलं आणि वर पांढरा रंगही लावला. पुढच्या पावसाळ्यात हातखंब्याच्या रस्त्यावर एका खड्ड्यात खट्ट असा आवाज आला. एम-सील जागचं हललं नव्हतं. त्याच्या भोवतीचा पत्रा गळाला होता. तो गोळा मी उचलून घरी आणला. गृहस्थांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी न्याहाळला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, याला काही झालंय?"

मग मिरकरवाडा बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा एक ओळखीचा आला. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. "होडी चोवीस तास समुद्रात असते, सर. तुमची गाडी तर नुसती वासावर आहे." काचतंतूंची मॅट कापायची, रेझिनमध्ये हार्डनर घालायचा, ब्रशने थरावर थर बसवायचे; त्याला गंज म्हणून चढायचा नाही. हेही खरंच. पण होडीत फायबर फायबरला धरतं. गाडीत ते गंजलेल्या पत्र्याला धरणार, आणि गंजाने स्वतः कोणालाच धरलेलं नसतं. वर गुळगुळीत फायबर आणि मागे दिसेनासा होऊन सुखाने वाढणारा गंज, अशी ती व्यवस्था होते.

तिसरे आमच्या आळीतले काका. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांची हयात गेली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तिच्याविषयी ते अशा आपलेपणाने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिचे रिव्हेट यांनीच ठोकले. वास्तविक तेव्हा काकांचा जन्मही झालेला नव्हता.

"एसटीच्या जुन्या बॉडीला कधी गंज बघितलास?" काकांनी विचारलं.

बघितला नव्हता, कारण त्या गाड्यांच्या अंगावर ॲल्युमिनियमचे पत्रे असत. एका रविवारी काका ड्रिल मशीन आणि रिव्हेटची पिशवी घेऊन आले. दाराला हात लावू नका म्हणालो, म्हणून त्यांनी डिकी उघडली, तिच्या तळाशी दुसरं एक भोक शोधून काढलं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा असा तुकडा जडवला की महामंडळाने पेन्शन वाढवून द्यावं. काम देखणं झालं. फक्त रसायनशास्त्र एसटीला मानत नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवून मध्ये खारट ओल सोडली की तिथे एक बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. काकांच्या तुकड्याच्या कडेला पांढरी भुकटी साचू लागली आहे. काका तिला धूळ म्हणतात.

रसायनशास्त्र शिकवणारे माझे कॉलेजातले सहकारी मात्र या सगळ्यांना अडाणी समजतात. त्यांनी एका बाटलीत फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण आणलं. ते लावलं की गंजाचं लोह-फॉस्फेट होतं, तांबूस थर काळा पडतो आणि जागेवर घट्ट बसतो. गंजाला मारायचं नाही, त्याचं मतपरिवर्तन करायचं. मला ही कल्पना फार आवडली. सहकाऱ्यांनी मग मला मेहरौलीच्या लोहस्तंभापर्यंत नेलं. सुमारे १६०० वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांवर वजनाचा तो स्तंभ गंजून का गेला नाही, याचा अभ्यास आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या काळच्या लोखंडात फॉस्फरस बराच असे, आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरला. म्हणजे गुप्तकाळातल्या लोहारांनी जे भट्टीतच करून ठेवलं, ते आमचे सहकारी बाटलीतून आणि ब्रशने करू पाहत होते.

"हा स्तंभ मिरकरवाड्याच्या जेटीवर उभा केला असता तर?" मी विचारलं.

त्यांनी विषय बदलला. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्या टिकण्यात वाटा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय आमची अडचण वेगळीच होती. जिथे गंज आहे तिथे त्याचं मतपरिवर्तन करता येतं. जिथे पत्राच उरलेला नाही तिथे मन वळवायचं कोणाचं?

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री मूळचे रत्नागिरीजवळचेच, पण हात तयार झाला मुंबईत, काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर. त्या टॅक्सींचा इतिहास मुंबईकर हळवेपणाने सांगतात. मिस्त्री पत्र्याच्या अंगाने सांगतात. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होणं थांबलं त्याला वीसेक वर्षं होऊन गेल्यावर, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. मधली इतकी वर्षं ती कशाच्या जोरावर धावली, असं विचारलं की मिस्त्री काही बोलत नाहीत, स्वतःच्या छातीला बोट लावतात.

"दहा पैशाएवढं भोक आहे, मिस्त्री," मी म्हणालो.

मिस्त्रींनी भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून एक जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि मुठीकडच्या बाजूने दार वाजवायला सुरुवात केली. वरून खाली. ठण, ठण, ठण, ठण, थप. थप आलं तिथे थांबले. स्क्रू-ड्रायव्हर सुलटा केला आणि टोक टेकवलं. नुसतं टेकवलं. ते आत गेलं.

"सर, भोक केवढं ते भोकाकडे बघून कळत नाय. चांगला पत्रा कुठे लागतो ते बघायचं."

माझ्या मते गाडीदुरुस्तीतलं हे सर्वांत भयंकर वाक्य आहे. कारण चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं असतं, आणि तो लवकर लागत नाही. दहा पैशाचं भोक वाटीएवढं झालं. छन्नीच्या दर ठोक्याला गंजाचे पापुद्रे चिरोट्यासारखे सुटून खाली पडत होते. वाटीची ताटली झाली. मी "बास ना आता" म्हटलं की मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाखवत. तो आत जाई. ताटलीचं ताट झालं, आणि दाराच्या पोकळीतलं काच वर-खाली करणारं यंत्र उघड्यावर येऊन आमच्याकडे पाहू लागलं.

"घरून निघालो तेव्हा दाराला भोक होतं," ही म्हणाली. "आता भोकाला दार आहे."

मी या बाबतीत मिस्त्रींच्या बाजूचा आहे. एम-सील, फायबर, ॲल्युमिनियम आणि आम्ल या चारही पंथांचं एकमत कशावर असेल, तर कापायचं नाही यावर. सगळ्यांना भोक जसंच्या तसं ठेवून ते दिसेनासं करायचं असतं. मिस्त्री एकटेच ते आधी मोठं करतात. गिऱ्हाईक मात्र याच क्षणी गाडीला मिठी मारून घरी घेऊन जातं, म्हणून गॅरेजात शिरल्याबरोबर गाडीची बॅटरी काढून ठेवायची मिस्त्रींची पद्धत आहे. वेल्डिंग करायचं तर बॅटरी सोडवावीच लागते हे खरं. पण माझ्या बॅटरीची तार सुटली तेव्हा वेल्डिंगला खूप अवकाश होता.

बॅटरीपाठोपाठ सीट, फोम, गालिचा सगळं बाहेर आलं. ठिणगी उडते तिथे पेट घेणारं काही नको आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी बघायचं, हा नियम. सीटखाली चिंचोके, कंपासपेटीतला करकटक आणि आमच्या मुलीने हरवली म्हणून नवी घेऊन मागितलेली छत्रीची मूठ सापडली. त्याखाली गालिचा ओला होता, आणि त्याखाली जे होतं ते मिस्त्रींनी मला बघू दिलं नाही. "त्ये पुढल्या वर्षी," म्हणाले.

"पत्रा कुठला लावणार?" मी विचारलं.

"टपाचा."

गॅरेजच्या मागे मोडीतल्या गाड्यांचे टप एकावर एक रचलेले होते. गाडीच्या सगळ्या अंगांत टप शेवटपर्यंत धडधाकट राहतो. त्यावर पाणी साचत नाही, चिखल उडत नाही, कोणी लाथ मारत नाही. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा साचा कापला, दारावर धरून बघितला आणि एका हिरव्या टपातून तेवढा तुकडा काढला. त्याचे कोपरे गोल केले. चौकोनी कोपरा असला की सगळा ताण तिथेच एकवटतो आणि पुढची चीर तिथून सुरू होते. शिवाय तुकडा दाराच्या वर आडवा टाकायचा नाही, कापलेल्या जागेत बरोबर बसवायचा. वर टाकला तर दोन पत्र्यांमध्ये फट राहते, फटीत पाणी राहतं, आणि पाणी राहिलं की मिस्त्रींचा नातूसुद्धा पोट भरतो. हे शेवटचं मिस्त्रींचंच विधान.

पातळ पत्र्याचं वेल्डिंग हा सहनशीलतेचा खेळ. सरळ रेघ ओढत गेलं की पत्रा तापून पसरतो, निवताना आखडतो, पण निघाला होता तिथे परत येत नाही. कुठेतरी मध्येच पोक काढून बसतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा त्याच्या समोर, तिसरा बाजूला, मग थांबायचं. पोऱ्या ओलं फडकं लावणार. परत एक टाका. नव्या गॅरेजात हे सीओटू वेल्डिंगने होतं, त्यात उष्णता आटोक्यात राहते. मिस्त्रींकडे तेही आहे, पण कोपऱ्यात कार्बाइडचा जुना डबा अजून जपलेला आहे. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो आणि सगळीकडे लसणाचा वास सुटतो. मिस्त्री विडी ओढतात ती या डब्यापासून दूर जाऊन. दूर म्हणजे त्यांच्या मते दूर.

या कामाचे फोटो मी इंग्लंडातल्या भाच्याला पाठवले. तो बर्मिंगहॅमला असतो. त्याचं उत्तर आलं की तिकडे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून सरकारच रस्त्यावर मीठ टाकतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आम्ही मिठापासून गाडी वाचवायला ताडपत्री घालतो, नारळाच्या झाडांमागे उभी करतो, पावसाळ्याआधी तळाला जळकं ऑइल मारतो. आणि हे लोक कर भरून मीठ पसरवून घेतात! बरं, वर तिथे दर वर्षी एमओटी नावाची तपासणी असते. सीटबेल्ट, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमजोर झालेला असला तर गाडी नापास, आणि तिथे पुट्टी भरून चालत नाही, वेल्डिंगच लागतं. म्हणजे रस्त्यावर सरकार गंज पेरणार आणि तपासणीत सरकारच तो शोधणार. मिस्त्रींना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी व्हिसाला किती पैसे पडतात ते विचारलं.

टाके पुरे झाले, ग्राइंडरने घासले, रेड ऑक्साइड लागलं आणि मग लंबीचा डबा उघडला. लंबीविषयी बाहेर फार गैरसमज आहेत. एखाद्या मिस्त्रीची बदनामी करायची तर लोक म्हणतात, "नुसती लंबी थापतो." वस्तू म्हणून ती वाईट नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी जगभरच्या कारखान्यांत पत्र्याचे सांधे शिसं आणि कथलाच्या मिश्रधातूने भरत; कल्हईवाल्याला ते काम पाहून घरचं वाटलं असतं. नंतर पॉलिस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळून ही पेस्ट आली, आणि शिशाच्या धुरातून माणसं सुटली. मात्र शंखजिरं पाणी शोषतं. भोकावर मागून आधार न देता लंबी भरली तर ती मागच्या बाजूने ओल पीत बसते आणि एक दिवस अख्खी खपली निखळते. खाली घट्ट पत्रा आणि वर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, एवढ्यापुरतीच तिची पात्रता.

तिच्यात हार्डनर घालायचा तो शेकडा दोनच्या आसपास. जास्त झाला की पत्र्याच्या पट्टीवरच दगड. पोऱ्याने त्या दिवशी सढळ हाताने घातला, आणि अर्धी लंबी दाराला लागायच्या आत उरलेली अर्धी त्याच्या पट्टीला कायमची चिकटली. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी ती पट्टी भिंतीला टांगली. तिथे आधीच्या पोऱ्यांच्या पट्ट्या रांगेत टांगलेल्या होत्या, आणि त्यांतली एक, पोऱ्याने मला हळूच सांगितलं, खुद्द मिस्त्रींची.

मग घासणं. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, २२०, ४००. डब्यावर लिहिलेलं असतं की लंबी कोरडीच घासावी. रत्नागिरीत जुलै महिन्यात कोरडं म्हणजे काय, ते डबा भरणाऱ्याने येऊन दाखवावं. घासून झालं की मिस्त्री डोळे मिटतात आणि दारावरून तळहात फिरवतात. मला ती जागा सपाट दिसत होती, पोऱ्याला दिसत होती, हिलासुद्धा दिसत होती. मिस्त्री म्हणाले, "इथे खड्डा आहे," आणि खडूने गोल काढला. मी माझा हात फिरवला. काही नाही. त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून दोन हात मारले. सगळीकडे पांढरं झालं आणि त्या गोलात तेवढा काळपट डाग राहिला. कागद तिथपर्यंत पोचलाच नव्हता. त्यानंतर मी त्या गॅरेजात कशाविषयीही मत दिलेलं नाही.

रंगाचं मात्र थोडक्यात सांगतो, कारण तो प्रकरण वाढवण्याचा धंदा आहे. गाडीचा पांढरा, उन्हात पिकलेला पांढरा आणि दुकानदाराच्या डब्यातला पांढरा हे तीन स्वतंत्र रंग आहेत. नुसता तुकडा रंगवला तर तो इतका पांढरा दिसतो की बाकीचं दार पिवळं पडतं. म्हणून दार रंगवायचं. मग दुसरं दार पिवळं पडतं. अख्खी गाडी रंगवल्यावर फक्त माझा शर्ट पिवळा दिसत होता.

आणि हे सगळं झाल्यावर मिस्त्रींनी सायकलची एक तार घेतली, गुडघ्यावर बसले आणि दाराच्या अगदी खालच्या कडेत ती खुपसली. पचकन काळं पाणी आलं, कुजकी पानं आली, मातीचा गोळा आला. दाराच्या तळाला कंपनीने पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. चारही दारांना. ती तुंबली की पाणी आत साचतं, आणि साचलेलं पाणी स्वतःला बाहेर पडायला नवीन भोक पाडून घेतं. म्हणजे आम्ही सगळे, बँकवाले, होडीवाले, एसटीवाले आणि मी, एक भोक बुजवायला जिवाचं रान करत होतो, ते मुळात दुसरं एक भोक बुजल्यामुळे पडलेलं होतं. मिस्त्री म्हणाले, बरेच रंगवाले तर ही भोकंही लंबीने सफाईदार भरून देतात. गिऱ्हाईक खूश होतं आणि दोन पावसाळ्यांनी परत येतं.

"मग तुम्ही का नाही भरत?"

"माझ्याकडे गिऱ्हाईक कमी आहे काय?"

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा आरटीओत जाऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घ्यायची होती. पर्यावरण कर भरला, गाडी दाखवली. तिथे चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. हा नंबर पत्र्याच्या चिंचोळ्या जागेवर ठोकलेला असतो. दार बदला, बॉनेट बदला, टप बदला, कायद्याला त्याची खंत नाही. पण तेवढी चार बोटं पत्रा गंजली की गाडी असून नसल्यात जमा. मिस्त्रींनी तिथे आधीच ग्रीस लावून ठेवलं होतं. बाकीची गाडी समुद्राची, एवढी जागा सरकारची, असं त्यांचं म्हणणं.

रंगकामानंतर गाडी इतकी बरी दिसू लागली की हिने ती विकायचं ठरवलं. देवरूखचे एक गृहस्थ बघायला आले. गाडी तेव्हा बारीकसारीक कामासाठी मिस्त्रींच्याच दारात होती, आणि एसटीतर्फे काकाही हजर होते. गृहस्थ हुशार. त्यांनी खिशातून फ्रिजवर लावायचं लोहचुंबक काढलं. त्यावर आंबा होता. जिथे चुंबक धरत नाही तिथे लंबीचा जाड थर, हे गणित त्यांना ठाऊक होतं. आंबा बॉनेटला धरला, पुढच्या दारांना धरला. डावीकडचं मागचं दार आलं तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. आंबा धरला. मिस्त्री विडी पेटवत होते, त्यांनी मान वर केली नाही. मग गृहस्थांनी डिकी उघडली, आंबा तळाला लावला आणि तो टप्पदिशी पडला.

"इथे पुट्टी आहे," गृहस्थ म्हणाले.

"पुट्टी?" काका पुढे झाले. "ॲल्युमिनियम आहे ते! दापोडीची पद्धत आहे!"

"ते काही का असेना. आमच्या गाडीत असलं काही नाही. आमची गाडी कंपनीतून आली तशी आहे," गृहस्थ म्हणाले आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या स्वतःच्या निळ्या गाडीकडे त्यांनी हात केला.

मिस्त्री उठले. डिकीतून आंबा उचलला, लुंगीला पुसला, रस्ता ओलांडला आणि निळ्या गाडीच्या पुढच्या मडगार्डला लावला. तो पडला. उचलून दाराला लावला. पडला. मागच्या दाराला लावून त्यांनी हात काढला नाही, नुसती मुठीने एक थाप दिली. थप. आंबा त्यांनी अदबीने गृहस्थांच्या हातात परत दिला.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "गाडी कधी टाकताय?"